बाटलीत काय आहे?

यंदा चवथीला भाची घरी आली ती पुस्तकांचे ओझे घेऊनच. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माटोळी बांधून झाली, आरत्या झाल्या, आणि रात्री सगळे झोपल्यावर ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाड इंग्रजी पुस्तक उघडून बसली. धडा होता कर्करोगाचे जीवशास्त्र आणि औषधोपचार यांचा. पानोपानी तक्ते. मी पाणी प्यायला उठलो तर म्हणाली, "मामा, ही नावं रात्री पाठ होतात आणि सकाळी विसरतात. तू बी.ए.ला इतिहास घेतला होतास ना? मग या औषधांचा काही इतिहास असेल तर सांग. गोष्ट कळली की नाव राहतं डोक्यात."

आता मी पडलो सरकारी कारकून. आवक-जावक आणि टिपणी यांत आयुष्य चाललेले. पण तिच्या तक्त्यातली चार नावे माझ्या ओळखीची निघाली. २०११ साली आईला लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला, तेव्हा तिच्या कार्डावर इंग्रजीत चार अक्षरे लिहिली होती : सी, एच, ओ, पी. डॉक्टर मंडळी त्याला 'चॉप' म्हणत. चार औषधे, दर एकवीस दिवसांनी एकदा, असे सहा वेळा. ते कार्ड अजून कपाटात आहे. त्या काळात रात्री झोप येत नसे म्हणून मी या चार अक्षरांमागचे जे मिळेल ते वाचत सुटलो होतो. भाचीला दोन रात्री जे सांगितले, तेच इथे जरा नीट मांडून लिहितो आहे.

आधी रोगाबद्दल. आपले शरीर पेशींचे, आणि पेशी पेशीपासूनच जन्मते, हे रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरने १८५८ साली ठासून मांडले. 'ल्युकेमिया' हे नावही त्याचेच. एक पेशी दोन होण्याआधी आतल्या डीएनएची पूर्ण नक्कल करते आणि मग दोन भाग करून वाटून देते. आमच्या भाषेत सांगायचे तर अख्ख्या फाईलची खरी प्रत काढायची, ताडून बघायची, मग एकेक प्रत दोन खात्यांकडे पाठवायची. तक्त्यात जी१, एस, जी२, एम अशी जी अक्षरे असतात ती याच कामाचे टप्पे : तयारी, नक्कल, तपासणी, वाटणी. हे टप्पे १९५३ साली अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी दाखवून दिले. प्रत्येक टप्प्यावर मंजुरी लागते. नक्कल चुकली तर काम थांबवणारे जनुक असतात, 'पुढे चला' म्हणणारेही असतात. थांबवणारे निकामी झाले आणि पुढे ढकलणारे अडकून बसले, की पेशी विनामंजुरी वाढत राहते. हाच कर्करोग. बिशप आणि व्हार्मस यांनी १९७६ मध्ये दाखवले, की हे बिघडणारे जनुक बाहेरून आलेले नसून आपल्याच निरोगी पेशीत असतात. त्यांना १९८९ चे नोबेल मिळाले.

औषधाची सगळी अडचण इथूनच सुरू होते. जंतू परका असतो, त्याला मारणारे औषध आपल्याला सोडून देऊ शकते. ही पेशी मात्र आपल्याच घरची. फरक एवढाच की ती सारखी वाढत असते. म्हणून जुनी केमोची औषधे वाढणाऱ्या पेशीवर घाव घालतात. पण केसांची मुळे, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर, हाडांतला मगज हेही सारखे वाढत असतात. केस गळणे, तोंड येणे, जुलाब, रक्तातले काऊंट खाली जाणे, हे सगळे वेगवेगळे पाठ करायची गरज नाही. कारण एकच आहे.

"म्हणजे विषच की!" भाची म्हणाली. विषच. पहिले तर शब्दशः.

चॉपमधला 'सी' म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड. त्याचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मनांनी मस्टर्ड गॅस सोडला. कातडीला फोड, डोळे बंद, फुप्फुसे जळालेली. १९१९ मध्ये अशा रुग्णांच्या तपासण्यांवरून नोंद झाली, की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात. ती नोंद वीसेक वर्षे तशीच पडून राहिली. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेत येल विद्यापीठातले लुईस गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन याच जातीच्या नायट्रोजन मस्टर्डवर सरकारसाठी काम करत होते. त्यांच्या मनात आले, की पांढऱ्या पेशी जिथे बेसुमार वाढतात त्या रोगात हे दिले तर? ऑगस्ट १९४२ मध्ये मानेला आणि जबड्याला मोठ्या गाठी असलेल्या एका रुग्णाला ते शिरेतून दिले. जगाला तो 'जे.डी.' या आद्याक्षरांनीच माहीत आहे. काही दिवसांत गाठी विरघळल्या. मग परत आल्या, आणि १ डिसेंबर १९४२ ला तो वारला. युद्धाचे गुपित म्हणून त्याच्या कागदांत औषधाचे नाव नव्हते, नुसते 'एक्स' लिहिले होते. ते कागद कित्येक दशकांनी सापडले. आमच्यासारख्या रेकॉर्ड सांभाळणाऱ्याला ही गोष्ट वाचून बरे वाटते आणि वाईटही वाटते.

पण मला भाचीला सांगायची होती ती त्याच्या पुढची गोष्ट. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर बारी नावाचे बंदर आहे. २ डिसेंबर १९४३ च्या संध्याकाळी जर्मन विमानांनी तिथे उभ्या असलेल्या दोस्तांच्या जहाजांवर बॉम्ब टाकले. त्यांत 'जॉन हार्वी' हे अमेरिकन जहाज होते. त्यात मस्टर्डचे बॉम्ब भरलेले होते, आणि ते गुप्त होते. जहाज फुटले, मस्टर्ड पाण्यावरच्या तेलात मिसळले, आणि जीव वाचवायला पाण्यात पडलेले खलाशी त्या तेलात माखून निघाले. रुग्णालयांत त्यांची रीघ लागली. तिथल्या डॉक्टरांना, परिचारिकांना कोणीही काही सांगितले नव्हते. माणसे थंडीने काकडलेली, धक्क्यातली, म्हणून त्यांना त्याच तेलकट कपड्यांवर गरम ब्लँकेटे गुंडाळून ठेवले. शिकलेल्या नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. पण कपडे काढून अंग धुतले असते तर कितीतरी वाचले असते. विष रात्रभर अंगाला चिकटून राहिले. सकाळी डोळे सुजले, कातडी सोलली. सहाशेहून अधिक जणांना मस्टर्डची बाधा झाली आणि त्यांतले ऐंशीहून अधिक दगावले. चौकशीला आलेल्या लेफ्टनंट कर्नल स्टुअर्ट अलेक्झांडर यांनी लसणासारख्या वासावरून आणि फोडांवरून मस्टर्ड ओळखले. त्यांच्या अहवालातही तेच होते : पांढऱ्या पेशी कोसळल्या, लसिकाग्रंथी वितळल्या.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये येलचे काम छापून आले. पुढे जर्मनीत त्या रेणूला जरा सौम्य रूप दिले गेले, ते १९५८ मध्ये पुढे आलेले सायक्लोफॉस्फामाइड. हे डीएनएच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून टाकते. मग नक्कल करायला फाईल उघडतच नाही. त्याचा उरलेला अंश मूत्राशयात साचून तिथे जखम करतो. आईच्या वॉर्डातल्या सिस्टर दर तासाला "आजी, पाणी" म्हणून मागे लागत, त्याचे कारण हे. आम्हाला वाटे, उन्हाळा आहे म्हणून.

'एच' म्हणजे डॉक्सोरुबिसिन. लालभडक रंगाचे. हेही इटलीतलेच, आणि योगायोग असा की बारीच्याच मुलखातले. आपुलिया प्रांतातल्या कास्तेल देल मोन्ते या किल्ल्याजवळच्या मातीतून मिलानच्या एका औषध कंपनीने एक सूक्ष्मजीव वेगळा केला आणि त्यापासून १९६० च्या दशकात या जातीची औषधे काढली. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याचे नाव ठेवले ॲड्रियामायसिन. बारी याच समुद्रावर आहे. हे औषध शिरेबाहेर गळले तर मांस जळते. हृदयालाही ते हळूहळू इजा करते, म्हणून आयुष्यभरात एकूण किती दिले याचा हिशेब ठेवावा लागतो. पुढच्या माणसाला मागचा आकडा दिसलाच पाहिजे. नोंदीचे महत्त्व मी भाचीला वेगळे काय सांगणार?

'पी' म्हणजे प्रेडनिसोलोन, गोळी. स्टेरॉइड आहे. लसिकापेशींना ते स्वतःहून मरायला लावते, आणि साखर वाढवते.

राहिला 'ओ'. ऑन्कोव्हिन, म्हणजे व्हिन्क्रिस्टिन. पहिल्या दिवशी ती छोटी बाटली हातात धरून सिस्टर आईला म्हणाल्या होत्या, "आजी, घाबरू नका. हे तुमच्या आंगणातल्या सदाफुलीचं." आमच्या तुळशीवृंदावनाशेजारी सदाफुली बारा महिने फुललेली असते. आईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आले.

सदाफुली मूळची मादागास्करची. जगभर पसरली, आणि बऱ्याच ठिकाणी मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत. १९५२ मध्ये जमैकाहून अशी पाने कॅनडात रॉबर्ट नोबल या संशोधकाकडे पोचली. उंदरांना काढा पाजून पाहिला, साखर काही उतरली नाही. मग अर्क टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले. दुसऱ्या कोणी प्रयोग फसला म्हणून फाईल बंद केली असती. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी रक्त तपासले, तेव्हा पांढऱ्या पेशी गेलेल्या आढळल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन निघाले, आणि अमेरिकेत एका कंपनीतल्या संशोधकांनी त्याचेच भावंड व्हिन्क्रिस्टिन वेगळे केले. १९६३ मध्ये ते तिथे वापरात आले. पेशी दोन होताना आत धागे ताणले जातात आणि ते प्रती दोन्हीकडे ओढून नेतात. हे औषध ते धागेच विणू देत नाही. पण मज्जातंतूंतही तसेच धागे असतात. म्हणून बोटांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठ होते. आणि हे औषध शिरेतूनच द्यायचे. चुकून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गेले तर माणूस जवळजवळ निश्चित दगावतो. जगात असे घडलेले आहे. म्हणून आता ते सिरिंजमध्ये न भरता लहान सलाईनच्या पिशवीत घालून द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पिशवी कोणी कण्याला लावणार नाही.

आपल्या गोव्याला वनस्पतींचे अप्रूप नाही. गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. माटोळीला रानातले काय काय बांधायचे, हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. आणि नेमका याच ज्ञानाच्या बळावर मी चुकलो. ते पुढे सांगतो.

दुसऱ्या रात्री भाचीने विचारले, "यात आपल्याकडचं कोणीच नाही का?" आहे, आणि परळच्या आसपासचेच आहे. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज बाई १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत असे, त्याचा शोध घ्यायला. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचे काम चाले. त्यांना दिसले, की मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने या बायका बऱ्या होतात. १९३१ मध्ये त्यांनी ते छापले. त्यात जे काही होते ते म्हणजे आज गरोदर बाईला मिळणारी फोलिक ॲसिडची गोळी. त्याच १९३१ साली मुंबईच्या लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने वारल्या. टाटांचा पैसा, मोटार, विलायतेतले डॉक्टर, सगळे होते. औषधच नव्हते. पुढे टाटांच्या विश्वस्त निधीतून परळलाच २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. गोव्यातून किती माणसे तिथे गेली असतील, याची गणती नाही.

हे दोन धागे जुळले बोस्टनला. फोलिक ॲसिड रक्तपेशी वाढवते म्हणून सिडनी फार्बर यांनी तसले पदार्थ ल्युकेमियाच्या मुलांना देऊन पाहिले, तर रोगच भडकल्यासारखा वाटला. मग त्यांनी उलटा विचार केला, की फोलिक ॲसिडसारखाच दिसणारा पण काम न करणारा तोतया दिला तर? असा तोतया रेणू लेडर्ले कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली तयार होत होता. सुब्बाराव भीमावरमचे, मद्रासला शिकलेले. खादी घालतात म्हणून तिथे त्यांना वरची पदवी नाकारली गेली होती. त्यांच्याकडच्या अमिनोप्टेरिनने १६ मुलांपैकी १० मुलांत रोग मागे हटला. जून १९४८ मध्ये हे छापून आले. हटला तो काही महिन्यांपुरताच, पण औषधाने ल्युकेमिया हटू शकतो हे जगाला प्रथमच कळले. दोन महिन्यांत, ८ ऑगस्ट १९४८ ला, सुब्बाराव न्यूयॉर्कला वारले. भाचीच्या तक्त्यातले मेथोट्रेक्सेट हे या अमिनोप्टेरिनचेच भावंड.

मग एकच औषध का पुरत नाही, आणि सहा वेळा का? आईचा हाच प्रश्न होता. दुसऱ्या खेपेनंतर मानेवरची गाठ हाताला लागेनाशी झाली, तेव्हा ती म्हणाली, "आता पुरे." त्याचे उत्तर हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांवरून १९६४ मध्ये दिले होते. औषधाचा प्रत्येक डोस ठरावीक संख्या मारत नाही, ठरावीक हिस्सा मारतो. बोराएवढ्या गाठीत शंभर कोटी पेशी धरा. हजारांतल्या नऊशे नव्याण्णव मेल्या तरी दहा लाख उरतात. गाठ दिसत नाही, रोग असतो. म्हणून परत परत, आणि वेगवेगळ्या टप्प्यांवर घाव घालणारी औषधे एकत्र. मध्ये एकवीस दिवस कशाला, तर मगज सावरायला. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काऊंट सर्वांत खाली असतो. तेव्हा ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, तडक रुग्णालय गाठायचे. आज चॉपला रिटुक्सिमॅब जोडतात. ते पेशीच्या अंगावरची ठरावीक खूण हेरून तिलाच धरते. अमेरिकेत १९९७ पासून ते आहे. तरी खालची ही चार जुनी औषधे अजून सुटलेली नाहीत.

आता माझी चूक. तिसऱ्या खेपेनंतर कोणीतरी सांगितले, की सदाफुलीच्या पानांचा काढा कॅन्सरवर रामबाण. मी विचार केला, औषध तर सदाफुलीचेच आहे, सिस्टरच म्हणाल्या. मग थोडे घरचे दिले तर लवकर गुण येईल. दहा-बारा दिवस रोज सकाळी मी स्वतः पाने खुडून, उकळून आईला दिली. तिची बोटे बधीर झाली, चोळीचे हूक लावता येईनात, चार-चार दिवस पोट साफ होईना. मी म्हटले, वय झाले.

चौथ्या खेपेला सुई लावण्याआधी त्याच सिस्टरनी आईचा हात हातात घेतला. "आजी, हुकं लावता येतात का? पोट साफ होतं?" आणि मग माझ्याकडे वळून, "घरी आणखी काही देता?" मी अभिमानाने काढ्याचे सांगितले. त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "या बाटलीत किती आहे ते मला ठाऊक आहे. दोन मिलिग्रॅमच्या वर एक थेंब नाही. तुमच्या काढ्यात किती आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी ती खेप आठवडाभर पुढे ढकलली, परत रक्त तपासले आणि व्हिन्क्रिस्टिन निम्मे केले. त्रास काढ्याने झाला की औषधाने, हे कोणालाच सांगता आले नसते. सिस्टरनी विचारले नसते, तर पूर्ण डोस गेला असता एवढे मात्र खरे. बारीच्या परिचारिकांना रुग्णाच्या अंगावर काय आहे ते सांगितले नव्हते. मी आमच्या सिस्टरना रुग्णाच्या पोटात काय आहे ते सांगितले नव्हते. तिथे युद्धाचे गुपित होते, इथे माझे शहाणपण.

आईच्या सहाही खेपा पार पडल्या. त्यानंतर ती आठ वर्षे होती. बोटांचा बधिरपणा थोडा राहिलाच. माटोळीच्या दोऱ्या तिला परत बांधता आल्या नाहीत. खाली बसून ती कुठली गाठ सैल आहे ते सांगायची. गेली ती हृदयविकाराने.

भाचीला मी म्हटले, नावे विसरलीस तर पुस्तकात परत सापडतील. फक्त बाटली हातात घेतलीस की आत काय आहे, किती आहे, कुठून द्यायचे आहे, हे स्वतःला विचारत जा, आणि समोरच्या माणसाला घरचे काय चालू आहे तेही विचार. रागावून विचारू नकोस, नाहीतर माझ्यासारखे लोक खोटे सांगतील.

असो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती परत गेली. निघताना आंगणात थांबून सदाफुलीकडे बघत पुटपुटत होती, "एम टप्पा, धागे, बोटं, पोट, शिरेतूनच." पाठ झाले होते.